वाटून टाकण्याचा गुन्हा

परिपत्रकं वाचण्यात माझी हयात गेली. सहकारी बँकेत, त्यातही कर्ज विभागात नोकरी झाल्यामुळे कागदातली खरी मेख कुठल्या ओळीत दडलेली असते हे वासावरून कळायला लागतं. १९२१ सालचं अमेरिकेच्या इंडियन खात्याचं असंच एक परिपत्रक आहे. क्रमांक १६६५, सही आयुक्त चार्ल्स बर्क यांची. राखीव क्षेत्रांतल्या मूळ रहिवाशांच्या कोणत्या नाचांना आणि विधींना आळा घालायचा याची त्यात जंत्री आहे. सूर्यनृत्य त्यात आहेच. पण मागचापुढचा विचार न करता आपली मालमत्ता वाटून टाकणं हेसुद्धा त्या जंत्रीत आहे. स्वतःच्या घरातली चादर शेजाऱ्याला दिली म्हणून सरकारचा आक्षेप! इतकी वर्षं कर्जदारांच्या भानगडी पाहिल्या, पण असं कलम माझ्या वाचनात दुसरं नाही.

माझी मुलगी साउथ डकोटात रॅपिड सिटीच्या एका रुग्णालयात आहे, म्हणून माझा या विषयाशी संबंध आला. तिच्याकडे येणारे पाहुणे माउंट रशमोरचे चार अध्यक्ष पाहून, फोटो काढून परततात. तिथून मोटारीने दीडदोन तासांवर पाइन रिज आहे. ओग्लाला लाकोटांचं राखीव क्षेत्र. ज्यांना बाहेरचे लोक ‘सू’ म्हणत आले, त्यांच्यातले हे लाकोटा. अमेरिकेतल्या सर्वांत गरीब भागांत पाइन रिजचं नाव वर्षानुवर्षं येतं. मुलीच्या वॉर्डातली एक नर्स तिथली. तिचे आजोबा जाऊन वर्ष झालं, तेव्हा तिने आम्हा दोघींना बोलावलं.

शाळेच्या व्यायामशाळेत बास्केटबॉलच्या मैदानावर कार्यक्रम होता. मध्ये टेबलं मांडलेली आणि त्यांवर ढीग: टॉवेल, ब्लँकेटं, कॉफीचे डबे, साखर, पातेली, कपडे धुवायला टाकायच्या प्लॅस्टिकच्या टोपल्या. भिंतीच्या कडेने ताऱ्याच्या गोधड्या टांगल्या होत्या. शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे जोडत जोडत आठ टोकांचा एक मोठा तारा करतात. हे शिवणकाम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनरी बायकांकडून आलं. तोवर गोऱ्या शिकाऱ्यांनी बायसनचे कळप संपवले होते, त्यामुळे मानाने अंगावर घालायला बायसनचं कातडं उरलं नव्हतं. त्याची जागा या गोधडीने घेतली. मी सांगलीकडची, वाकळ शिवणाऱ्या घरातली. उठून जवळ गेले आणि मधला भाग चाचपून पाहिला. आठ टोकं जिथे एकत्र येतात तिथे शिवणीवर शिवण चढून गाठ होते, फुगवटा येतो. इथे बोट फिरवलं तरी काही लागत नव्हतं. शिवणारी बाई शेजारीच उभी होती. मी मान डोलावली, ती हसली. एवढंच आमचं संभाषण.

जेवणाआधी एका ताटलीत प्रत्येक पदार्थाचा चिमूटभर भाग काढून बाहेर नेऊन ठेवला, गेलेल्यांसाठी. पितृपक्षात पान बाहेर ठेवणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. मग पोरंटोरं ताटल्या घेऊन म्हाताऱ्यांकडे धावली. रांगेत म्हातारं माणूस उभं राहिलं तर तो तरुणांचा कमीपणा. माझे पांढरे केस पाहून एका दहाबारा वर्षांच्या मुलाने मलाही खुर्चीवर बसवलं आणि मटणाचं सूप, तळलेली भाकरी, बेरींचा गोड रस्सा आणून दिला. मी कोण, कुठली, हे त्याने विचारलं नाही. उरलेलं अन्न घरी न्यायला लोकांनी डबे आणि झाकणाच्या बादल्या आधीच आणलेल्या होत्या. त्यात कुणाला संकोच नव्हता.

वाटप सुरू झालं ते जेवणानंतर. एकेक नाव पुकारलं जाई. तो माणूस येई, वस्तू घेई आणि ओळीने उभ्या असलेल्या सगळ्या कुटुंबाशी हात मिळवी. ज्यांनी कबरीचा खड्डा खणला, ज्यांनी स्वयंपाक केला, आजोबांना डायलिसिसला नेणारा ड्रायव्हर, मग लांबून आलेले, मग ज्यांच्या घरी अडचण आहे असे. मलाही टॉवेलचा जोड मिळाला. दुपार कलेपर्यंत टेबलं रिकामी झाली. माझ्यातली कर्ज अधिकारी गप्प बसेना. मी नर्सला विचारलं, बाई, खर्च किती आला? ती म्हणाली, वर्षभर जमवत होतो, हिशेब ठेवला नाही. ऐपतीबाहेर जाऊन वाटणारे, चढाओढीने वाटणारेही असतात, हेही तिनेच सांगितलं. घेणाऱ्याने परत तिलाच काही द्यावं अशी अपेक्षा नसते. तो पुढे दुसऱ्या कुणाला देईल.

आपल्याकडे आहेराची वही असते. कुणी किती घातले ते पाहून त्यांच्या कार्यात तितके परत घालायचे. ती वही मी वाईट म्हणणार नाही, अडीनडीला तिने कित्येक संसार सावरले आहेत. पण सत्काराबद्दल मात्र माझं मत तिथे बदललं. आपल्याकडे सत्कारमूर्ती व्यासपीठावर बसते आणि शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह घेऊन घरी जाते. लाकोटांमध्ये मुलगी पदवीधर झाली, मुलगा लष्करातून परतला, तर त्यांचं घरच गावाला वस्तू वाटतं. ज्याचा मान, त्याच्या नावाने घरातून वस्तू बाहेर जातात. लाकोटांचा नेता सिटिंग बुल १८८५ मध्ये बफेलो बिलच्या तमाशात आठवड्याला ५० डॉलरवर काम करत होता. ते पैसे तो शहरांतल्या फाटक्या पोरांना वाटत सुटे, असं त्याच्याबरोबर काम करणाऱ्या ॲनी ओकलीने सांगून ठेवलं आहे.

सरकारला हे खुपलं, आणि त्यामागे विचार होता. १८८७ च्या डॉज कायद्याने जमातीची सामाईक जमीन माणशी तुकड्यांत वाटली आणि उरलेली ‘जादा’ म्हणून गोऱ्यांना खुली केली. देशभरातल्या जमातींकडे तेव्हा १३.८ कोटी एकर जमीन होती, १९३४ मध्ये ४.८ कोटी उरली. मेरिल गेट्स हे ॲमहर्स्ट कॉलेजचे अध्यक्ष. १८९६ मध्ये लेक मोहोंकच्या परिषदेत त्यांनी सांगितलं की इंडियन माणसाला ब्लँकेटातून काढून विजारीत घातलं पाहिजे, विजारीला खिसा पाहिजे आणि तो खिसा डॉलरसाठी ठणकला पाहिजे. तिथे जमलेले सगळे स्वतःला मूळ रहिवाशांचे हितचिंतक समजत होते, हे लक्षात घ्यावं. वाटून टाकणाऱ्याला खिशाची सवय लागत नाही, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं? १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. रयत कर्जात का बुडाली, तर लग्नकार्यात आणि सणासुदीत उधळते म्हणून, हे उत्तर साहेबांच्या जिभेवर तयारच होतं. दख्खन दंगल आयोगाने चौकशी केल्यावर मात्र या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेल्याचं नमूद केलं. सारा, व्याज आणि कोर्टाचे हुकूमनामे हा खरा भार होता. बँकेतल्या बैठकांतही हाच जुना सूर मी ऐकत आले. शेतकऱ्याने बापाच्या दिवसाला गाव जेवू घातला की ती उधळपट्टी, आणि थकबाकीदार कारखान्याच्या अध्यक्षांनी पंचतारांकित वाढदिवस केला की तो जनसंपर्क. दिवसकार्यासाठी कर्ज काढू नये हे मी आजही सांगेन. पण गरिबाच्या देण्यावर बोट ठेवणाऱ्याच्या हातात काय आहे, ते आधी पाहावं.

आता वडीलधाऱ्यांविषयी. २०२० मध्ये करोना आला तेव्हा पाइन रिज आणि शायेन रिव्हर इथल्या लाकोटांनी आपल्या हद्दीतल्या रस्त्यांवर नाके उभारले. राज्याच्या तेव्हाच्या गव्हर्नर क्रिस्टी नोम यांनी ते काढा म्हणून फर्मावलं. नाके हटले नाहीत. लस आली तेव्हा स्टँडिंग रॉक या राखीव क्षेत्राने वृद्धांबरोबर लाकोटा-डकोटा भाषा बोलणाऱ्यांनाही पुढच्या रांगेत घेतलं. अशी माणसं थोडी उरली आहेत, आणि त्यांच्याबरोबर गाणी, नाती, औषधं, सगळंच जाणार. आपल्याकडे ज्येष्ठांना एसटीत सवलत आहे, बँकेत अर्धा टक्का व्याज जादा आहे, पण त्यांच्याजवळ कुणाला हवं असलेलं काही आहे, हे गृहीत धरणारं धोरण मला आठवत नाही.

अध्यात्माबद्दल मी कमी बोलेन, कारण त्यावर बोलणारे फार झालेत. ‘घामाच्या खोपटी’ची, म्हणजे बंद खोपटीत गरम वाफेत बसण्याच्या विधीची, नक्कल करून पैसे घेणाऱ्या शिबिरांचा अमेरिकेत सुळसुळाट आहे. ॲरिझोनात सेडोना इथे २००९ मध्ये अशाच एका शिबिरात, माणशी नऊ हजार डॉलरच्या वर शुल्क भरून बसलेल्यांपैकी तिघांचा जीव गेला. त्याच्या खूप आधी, १९९३ मध्ये, लाकोटा, डकोटा, नाकोटांनी आपल्या विधींचा बाजार मांडणाऱ्यांविरुद्ध जाहीर युद्धाची घोषणा केली होती. या शिबिरांच्या पॅकेजात ढोल असतो, धुरी असते, पिसं असतात. आपल्या घरातलं सामान वाटून टाकण्याचा दिवस मात्र कुठल्याच पॅकेजात नसतो.

बँकवालीला शोभेल अशी एक गोष्ट सांगायची राहिली. ब्लॅक हिल्सचे डोंगर १८६८ च्या तहाने लाकोटांचे होते. सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये ते काढून घेतले गेले. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली: १ कोटी ७१ लाख डॉलर आणि १८७७ पासूनचं पाच टक्के व्याज, म्हणजे १० कोटींच्या वर. जमातींनी रक्कम उचलली नाही, डोंगर विकायला काढलेलेच नव्हते म्हणाले. ती ठेव सरकारकडे वाढत वाढत १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. दोनशे रुपयांच्या लाभांशासाठी काउंटरवर वाद घालणारे सभासद मी पाहिलेत, त्यात मीही आले. व्यायामशाळेत टॉवेल वाटणारी माणसं ही त्याच ठेवीची वारसदार आहेत.

आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनेत पंचाहत्तरी गाठलेल्यांचा दरवर्षी सत्कार होतो. यंदा मी सुचवलं की शाल-श्रीफळ सत्कारमूर्तीने द्यावं. उन्हातान्हात वसुलीला बरोबर हिंडलेल्या शिपायाला, आपल्या आजारपणात दवाखान्यात झोपलेल्या शेजाऱ्याला. दोघातिघांना पटलं. खजिनदारांची हरकत मात्र रास्त होती: आपल्याला पीएफची तुटपुंजी पेन्शन, माणसाने द्यायचं कुठून? मी म्हटलं, टॉवेल चालतो. मग त्यांनी विचारलं, नोंद कोणत्या खात्यावर टाकू? नोंद करायचीच नाही म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. सभा दिवाळीनंतर आहे.