भट्टी कोणाची?

लूकलिखित शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक मनुष्य गर्दीतून पुढे येऊन भावाकडून वतनाचा वाटा मिळवून देण्याविषयी प्रभूला विनवितो, आणि प्रभू त्या वाटणीचा न्यायाधीश होण्याचे साफ नाकारतो. धर्मगुरूच्या वाट्याला ही विनवणी वारंवार येते. तिला नकार देण्याचे धैर्य आमच्या अंगी नसल्यामुळे आम्ही दोघा भावांना खुर्च्या देतो व चहा मागवितो. चहा निवतो, भांडण निवत नाही.

अशाच एका घराची हकीगत त्या घरच्यांच्या परवानगीने येथे देत आहो. खानापूर तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची पावाची भट्टी होती. जागा व भट्टी दोन्ही त्यांच्याच नावावर. थोरला मुलगा सोळाव्या वर्षापासून पहाटे दोनला उठून पीठ मळीत आला. धाकटा आखातात गेला. मुलगी लग्न होऊन बेळगावास नांदत होती. शेवटच्या आजारात आम्ही तैलाभ्यंगासाठी गेलो, तेव्हा प्रार्थना आटोपल्यावर ते पत्नीसमक्ष आम्हाला म्हणाले, "फादर, भट्टी थोरल्याची. बाकीचे तिघांत सारखे." हे पापनिवेदनातील बोलणे नव्हे, नाहीतर त्याचा येथे उच्चारही केला नसता. आम्ही म्हटले, "आता विश्रांती घ्या, ते पुढे पाहू." चौथ्या दिवशी त्यांना मूठमाती दिली.

महिन्याच्या मिस्सेनंतर वाटणीचा प्रश्न निघाला आणि आमची साक्ष काढण्यात आली. आम्ही ऐकले ते सांगितले. वकिलांनी शांतपणे उत्तर दिले की, तोंडी मृत्युपत्राची सवलत कायद्याने मोहिमेवरील सैनिकाला व वैमानिकाला आणि समुद्रावरील खलाशाला दिली आहे, भट्टीवाल्याला नाही. त्या दिवशी खाटेजवळ आम्ही एक कोरा कागद व दोन शेजारी बोलावले असते तर! हा दोष आमचा आहे आणि तो आम्ही त्या घरी बोलून दाखविला आहे.

मृत्युपत्र नसले म्हणजे ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेची वाटणी 1925 चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम ठरवितो. विधवेला एक तृतीयांश. उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींत समान. म्हणजे या घरी आईला नऊ भागांपैकी तीन आणि तिन्ही लेकरांना दोन-दोन. ज्याने वीस वर्षे भट्टीचा धूर खाल्ला त्याला दोन, आणि ज्याने तिकडे पगार साठविला त्यालाही दोन. थोरल्याला मात्र याहून अधिक धक्का बसला तो बहिणीच्या दोन भागांचा. "तिचे लग्न करून दिले ना?" हा त्याचा प्रश्न आम्ही अनेक घरांत ऐकला आहे. लग्नाचा खर्च म्हणजे वाटा नव्हे. वर्षश्राद्धाच्या मिस्सेला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकविण्याची जी रीत आमच्या काही कुटुंबांत रूढ झाली आहे, ती आम्हाला मनापासून नापसंत आहे. बहिणीने समजून-उमजून हक्क सोडला तर ती गोष्ट वेगळी.

दुसराही एक गैरसमज आपण शेजाऱ्यांकडून उचलला आहे. 'वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जन्मतःच हक्क' ही कल्पना हिंदू कायद्यातील होय. या अधिनियमाखाली ख्रिस्ती बाप हयात असेतो मुलाचा त्याच्या जमिनीत असा काही हक्क नसतो, व बापाला मृत्युपत्राने आपले सर्वस्व हवे त्याला देता येते. सत्ता मोठी आहे, म्हणूनच ती सावधपणे वापरावी. घाटाखालच्या गोव्यात न्याय वेगळा आहे. तेथे बहुधा पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असून निम्मी पत्नीचीच असते, आणि मुले असलेल्याला आपल्या भागापैकी अर्ध्याचीच इच्छेप्रमाणे विल्हेवाट लावता येते. शिवाय गोव्याच्या अधिवासी माणसाची भारतात अन्यत्र असलेली मालमत्ताही पोर्तुगीज नागरी संहितेनुसारच जाते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली दिला. ज्यांचे एक घर तिकडे व एक शेत इकडे, त्यांनी आपला अधिवास कोठला ते आधी वकिलाकडून ठरवून घ्यावे.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तथापि ती केलेली बरी. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्या एवढे अवश्य पाहिजे. पुढे लग्न केले तर आधीचे मृत्युपत्र रद्द होते, हे पुनर्विवाह करणाऱ्या विधुरांच्या ध्यानीमनीही नसते. बँकेत ज्याचे नाव वारसदार म्हणून लावले तो पैशांचा धनी झाला, असेही समजू नये. तो रक्कम स्वीकारणारा असतो, धनी वारसच. धंदा भागीदारीत असेल तर करारात निराळे लिहिले नसल्यास एका भागीदाराच्या मृत्यूने ती मोडते. मैद्याच्या व्यापाऱ्याची उधारी वाटणीपूर्वी फेडावी लागते. मात्र बापाचे कर्ज मुलाच्या अंगावर येते ते वारशात मिळाले असेल तेवढ्यापुरतेच. मुलाने जामीन म्हणून सही केली असली तर गोष्ट निराळी, आणि अशा सह्या आपण फार उदारपणे करतो.

कोणी म्हणतात, जिवंतपणीच सारे बक्षीसपत्राने देऊन मोकळे व्हावे. बेन सिराने आपल्या ग्रंथाच्या 33 व्या अध्यायात यापासून परावृत्त केले आहे: श्वास आहे तोवर सत्ता दुसऱ्याच्या हाती देऊ नये, अंतकाळी वारसा वाटावा, असे त्याचे मत. बक्षीसपत्र सहसा परत घेता येत नाही. मृत्युपत्र मरेपर्यंत दहादा बदलता येते. द्यावेच लागले तर सांभाळ करण्याची अट त्या लेखातच घालावी. ती मोडल्यास 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली वृद्धाला दाद मागता येते.

ती भट्टी दोन वर्षे थंड होती. शेवटी आईने आपले तीन भाग थोरल्याच्या नावे केले आणि भावाबहिणीचे पैसे त्याने हप्त्यांनी देण्याचे ठरले. अद्याप तीन हप्ते बाकी आहेत. गेल्या महिन्यात तोच थोरला एक लिहिलेला कागद घेऊन आमच्याकडे आला. स्वतःचे मृत्युपत्र! भट्टी पत्नीला, घर दोन्ही मुलींना. आम्ही साक्षीदार व्हावे अशी त्याची इच्छा होती. कागदात चर्चच्या नावे काही नसल्याने आम्ही होकार दिला. दुसरी साक्षीदार म्हणून पत्नीलाच घेऊन आला होता. तिने साक्ष घातली तर तिला दिलेली भट्टीच तिच्या हातून जाईल, हे सांगताच दोघे एकमेकांकडे पाहू लागली. मग तिला अंगणात बसविले, आणि तो शाळेच्या मास्तरांना बोलवायला गेला.