बुरशी तेल खाईल, पण पंचनाम्यात बाई कुठे?

समुद्रातली बुरशी खनिज तेल खाऊन टाकते, हे ऐकून रोडपालीसारख्या खाडीकाठच्या गावातल्या बाईने काय म्हणावे? आनंद मानावाच. पण लगेच विचारावे, तेल जाईपर्यंत आमच्या चुलीचे काय?

बुरशीचे काम खोटे नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या सुमारास डांबराचे गोळे वाहून येतात. त्यांवर वाढणाऱ्या बुरशीचा अभ्यास तिथल्या शास्त्रज्ञांनी केला आहे. बुरशीचे तंतू तेलाच्या थरात शिरतात आणि आपल्या पाचक रसांनी त्याचे तुकडे करतात. पण त्यासाठी हवा लागते, नत्र लागते, वेळ लागतो. तिवरांच्या मुळाशी काळ्या चिखलात हवाच नसते. तिथे मुरलेले तेल वर्षानुवर्षे राहते. अलास्कात १९८९ साली ‘एक्झॉन वाल्डेझ’ जहाजातून तेल सांडले. तेल खाणारे जीवाणू वाढावेत म्हणून किनाऱ्यावर खते टाकली, तरी वीस वर्षांनीही वाळूदगडांखाली तेल सापडत होते.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजा’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडले, रायगडच्या किनाऱ्यावरची तिवरे काळी पडली, मासेमारी थांबली. अशा वेळी नुकसानीचा हिशोब बोटीपासून सुरू होतो, आणि बोट बहुधा पुरुषाच्या नावावर असते. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून कालवे, शिवल्या, चिंबोऱ्या वेचणाऱ्या बाईकडे ना परवाना, ना पावती. तिचे श्रम घरकामासारखेच, सगळ्यांना दिसतात पण कुणी मोजत नाही.

रोडपालीच्या परिसरातले दुखणे रोजचे आहे. तळोज्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने कासाडी नदी नासली आणि हेच पाणी पुढे खाडीत जाते. सांडपाण्यातले जड धातू कुठलीही बुरशी खाऊन संपवत नाही. तिथे घाण सोडणाऱ्याचा नळ बंद करणे हाच उपाय.

म्हणून विज्ञानाला विरोध नको, पण त्याच्या आडून कुणाची सुटकाही नको. खाडीत काहीही टाकण्याआधी काठावरच्या बायांची सभा घ्या. काय टाकणार, त्याने मासळीचे काय होईल, हे मराठीत सांगा. पंचनाम्यात वेचणाऱ्या आणि विकणाऱ्या बाईचे नाव स्वतंत्र लिहा. खर्च सांडणाऱ्याकडून घ्या.

मैत्रिणींनो, अपघाताची वाट कशाला पाहायची? आपापल्या गावात खाडीवर जगणाऱ्या बायांची यादी आजच करायला घेऊ. उद्या तेल आलेच, तर ती यादी आपल्या हातात असेल.