पाटावर बसला मोत्या!

बालदोस्तांनो,

नवरात्रात आमच्या शाळेत भोंडला असतो. कुणी त्याला हादगा म्हणतात. हस्त नक्षत्राची खूण म्हणून पाटावर रांगोळीचा हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी डबा वाजवून खिरापत ओळखायची.

एका वर्षी मात्र फजितीच झाली. फेर धरला, पण गाणारी मी एकटीच! मुलं-मुली नुसतेच ओठ हलवत होते. गाणी कुणाला येतच नव्हती. माझं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात शाळेच्या आवारातला मोत्या कुत्रा आला. खिरापतीचा वास लागला असणार! स्वारी थेट पाटावर जाऊन बसली. हत्ती गेला शेपटीखाली! मी 'हाड हाड' करणार, तोच चौथीतला एक पोरगा भोंडल्याच्याच चालीवर ओरडला,

पाटावरचा हत्ती पुसला,
तिथं आमचा मोत्या बसला!
डबा वाजतो, ओळखा काय?
मोत्या हुंगतो, चुकतच नाय!

झालं! जे गप्प होते, तेच आता सर्वांत मोठ्यानं गाऊ लागले.

याला म्हणतात विडंबन. चाल जुनी, शब्द नवे आणि गमतीचे. आचार्य अत्रे यात पटाईत. त्यांचं 'झेंडूची फुले' हे विडंबनांचं पुस्तक १९२५ साली निघालं. पण मूळ कविता ठाऊक असेल, तरच विडंबनाची खरी गंमत कळते.

मी विचारलं, "मोत्याचं गाणं झालं, आता हत्तीचं कोण म्हणतंय?" सगळे चिडीचूप! मग गृहपाठ दिला. घरच्या मोठ्या माणसांना विचारून भोंडल्याचं एकेक गाणं लिहून आणायचं.

दुसऱ्या दिवशी एका मुलीची आजीच शाळेत हजर! "काय हो बाई, आमच्या गाण्यात कुत्रं घातलंत म्हणे?"

मी घाबरलेच. पण आजी खुदकन हसल्या. "अहो, आम्ही तर सासूला घालायचो!"

मग आजींनी फेर धरला आणि एक नाही, सात गाणी म्हटली. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. आजींना सगळी तोंडपाठ होती, कागदावर मात्र एकही नव्हतं!

तेव्हा दोस्तांनो, आज आजीला, आईला, शेजारच्या काकूंना विचारा. एक तरी गाणं लिहून घ्या, पाठ करा. मग खुशाल त्यात तुमचा मोत्या बसवा!

तुमच्या,
बाई