विश्लेषण : जोडप्यांच्या समुपदेशकाला लैंगिकतेचे प्रशिक्षण का हवे?

'आमच्यात संवादच राहिला नाही,' असे सांगत अनेक जोडपी समुपदेशकाकडे येतात. त्यामागे बेडरूममधला दुरावा असू शकतो. पण जोडपे तो विषय काढत नाही आणि समुपदेशकही विचारायला कचरतो. नात्यावर काम करणाऱ्याला लैंगिकतेचे शिक्षण नसते आणि लैंगिक समस्यांवर उपचार करणारा नात्यात फारसा शिरत नाही. ही दरी सांधण्यासाठी 'अटॅचमेंट' म्हणजे भावनिक बंधाच्या सिद्धांतावर आधारित प्रशिक्षण दिले जाते. ते काय असते आणि भारतात त्यापुढे कोणते प्रश्न आहेत?

अटॅचमेंटचा सिद्धांत काय सांगतो?

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील बंधाचा सिद्धांत मांडला. मेरी एन्सवर्थ यांनी निरीक्षणे व प्रयोगांतून त्याला बळ दिले. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये हीच चौकट प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावली. त्याच दशकात कॅनडात स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी जोडप्यांसाठी 'इमोशनली फोकस्ड थेरपी' (ईएफटी) विकसित केली.

या पद्धतीत भांडणाच्या विषयापेक्षा भांडणाच्या चक्राकडे पाहिले जाते. पत्नी तक्रार करते, पती गप्प बसतो. तो जितका गप्प, तितकी ती अधिक चिडते. तिच्या रागाखाली 'मी तुझ्यासाठी महत्त्वाची आहे का?' हा प्रश्न असतो, तर त्याच्या मौनाखाली 'काहीही केले तरी मी कमीच पडतो' ही भीती. हे दोघांना एकमेकांसमोर बोलता यावे, यासाठी थेरपिस्ट काम करतो.

लैंगिक जवळीक यापासून वेगळी का राहिली?

विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९७० मध्ये लैंगिक समस्यांवरील उपचारपद्धती पुस्तकरूपात मांडली. जोडप्याने सुरुवातीला समागम टाळून केवळ स्पर्शाचा अनुभव घ्यावा, म्हणजे 'जमेल का' हे दडपण उतरते, असा तिचा गाभा होता. १९९८ मध्ये व्हायग्रा आली आणि चर्चा गोळीकडे झुकली. नात्यांचे तज्ज्ञ एका बाजूला आणि लैंगिक आरोग्याचे तज्ज्ञ दुसऱ्या बाजूला राहिले.

प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी गुंतलेल्या असतात. एकाने दमल्यामुळे दिलेला नकार दुसऱ्याला 'मी नकोसा झालो' असा ऐकू येतो. मात्र प्रत्येक दुराव्याचे मूळ भावनेत नसते. मधुमेह, रक्तदाब, नैराश्यावरील काही औषधे, रजोनिवृत्ती, संबंधांच्या वेळी होणाऱ्या वेदना यांचाही परिणाम होतो. जोडप्याला डॉक्टरकडे कधी पाठवायचे, हे कळणे म्हणूनच प्रशिक्षणाचा भाग असायला हवे.

प्रशिक्षणात काय शिकवतात?

ईएफटीचे प्राथमिक प्रशिक्षण चार दिवसांचे असते. पुढे कौशल्यांचे वर्ग, सराव आणि अनुभवी मार्गदर्शकाची देखरेख. जोडप्याच्या संमतीने केलेले सत्रांचे रेकॉर्डिंग मार्गदर्शकासमोर तपासले जाते. थेरपिस्ट कुठे घाईने सल्ला देतो, कुठे एकाची बाजू घेतो, हे त्यातच उघड होते.

लैंगिकतेच्या प्रशिक्षणात आणखी एक टप्पा येतो. अमेरिकेतील 'आसेक्ट' ही संस्था लैंगिक समस्यांवरील थेरपिस्टना प्रमाणपत्र देते. तिच्या निकषांत स्वतःच्या धारणा तपासण्याचे सत्रही आहे. समोरच्याची इच्छा, कल्पना किंवा लैंगिक कल ऐकताना थेरपिस्टच अवघडला, तर पुढचे बोलणे तिथेच थांबते.

भारतात परिस्थिती काय?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. 'कपल थेरपिस्ट' या नावासाठी मात्र वेगळा परवाना नाही. २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याने वर्तनविषयक आरोग्यसेवा देणाऱ्यांनाही नोंदणीच्या कक्षेत आणले. या कायद्याचा आधार घेत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मानसशास्त्रासह काही अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. ही पावले महत्त्वाची आहेत, पण पदवी प्रत्यक्ष वर्गात मिळाली म्हणून जोडप्यासोबत काम करण्याचे कौशल्य आपोआप येत नाही.

मराठीत भाषेचाही अडसर आहे. लैंगिक अवयव आणि क्रियांसाठीचे शब्द एक तर पुस्तकी, नाही तर शिवीसारखे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या अशा प्रश्नांना थेट उत्तरे दिली. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. आज प्रश्न विचारणे तुलनेने सोपे झाले असले, तरी ते संकोचाविना ऐकणारे प्रशिक्षित कान कमीच आहेत.

सर्वांत मोठा धोका कोणता?

हिंसा ओळखता न येणे. घरात हिंसाचार सुरू असेल, तर ईएफटी वापरू नये, असे या पद्धतीतच शिकवले जाते. पत्नीने सत्रात उघड केलेली भीती घरी तिच्याविरुद्धच वापरली जाऊ शकते. म्हणून सुरुवातीला दोघांशी स्वतंत्रपणे बोलणे आवश्यक ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधील अपवादामुळे पतीने सज्ञान पत्नीवर केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. मात्र २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचा समावेश आहे. जबरदस्तीला 'जवळिकीचा अभाव' समजणारा समुपदेशक त्या स्त्रीला पुन्हा त्याच खोलीत पाठवतो.

या पद्धतीवर आक्षेप काय आहेत?

सुरक्षित बंध असला की लैंगिक ओढ वाढते, हे गृहीतक सर्वांना मान्य नाही. अतिजवळीक ओढ कमीही करू शकते, अशी मांडणी एस्थर पेरेल यांनी २००६ मधील 'मेटिंग इन कॅप्टिव्हिटी' या पुस्तकात केली. शिवाय ही पद्धत पाश्चात्त्य घरांमध्ये घडली. सासू-सासरे आणि मुलांसह एका खोलीत राहणाऱ्या जोडप्याचा पहिला प्रश्न भावनिक बंधाचा नसून दार लावता येईल अशा जागेचा असू शकतो.

जोडप्यांनी काय विचारावे?

तुमचे शिक्षण काय, जोडप्यांसोबत काम करण्याचे प्रशिक्षण कुठे घेतले, देखरेख कोणाची, लैंगिक समस्यांवर बोलता का, गरज पडल्यास कोणत्या डॉक्टरकडे पाठवता आणि गोपनीयता कशी राखता? पहिल्याच भेटीत हे प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. त्यांची सरळ उत्तरे मिळत नसतील, तर दुसरा समुपदेशक शोधणे योग्य.