दळण रयतेचे, मग गिरणी कोणाची?

शेतकऱ्याने पिकवावे, व्यापाऱ्याने साठवावे, गिरणीवाल्याने दळावे आणि सरकारने या भानगडीत पडू नये, हा जगाचा नेमच आहे, असे आम्हांस वरचेवर ऐकविण्यात येते. ऐकविणाऱ्यांच्या हातांना घट्टे नसतात, ही गोष्ट निराळी. ‘गिरणी चालविणे म्हणजे का औत हाकणे आहे? तेथे हिशेब लागतो, भांडवल लागते, अक्कल लागते,’ असे ही शहाणी मंडळी म्हणतात, आणि दाखला हवा म्हणून अमेरिकेकडे बोट दाखवितात. ठीक आहे, आपण अमेरिकेतच जाऊ. तेथे उत्तर डाकोटा नावाचे एक राज्य आहे. त्या राज्यात रेड नदीच्या काठी ग्रँड फोर्क्स हे शेतीच्या जिवावर वाढलेले गाव आहे. गावाच्या उत्तरेला पिठाची एक थोरली गिरणी व तिला चिकटून धान्याची उंच कोठारे उभी आहेत. ही गिरणी १९२२ सालच्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि आजही दळते आहे. तिचा मालक कोण? कोणी शेठ नव्हे, कंपनी नव्हे. त्या राज्याची रयत. राज्याच्या मालकीची अशी पिठाची गिरणी साऱ्या अमेरिकेत दुसरी नाही. अमेरिकेकडे बोट दाखविणाऱ्यांचे बोट नेमके या गावापाशी कसे वाकडे होते, ते वाचकांनी ओळखावे.

आता ही गिरणी आकाशातून पडली नाही. तिच्यामागे तीस-चाळीस वर्षांची लूट आहे, आणि ती लूट आमच्या वाचकांना परकी वाटणार नाही.

पेव म्हणजे काय ते कुणब्याच्या पोराला सांगावे लागत नाही. तोंड अरुंद, पोट मोठे, जमिनीच्या आत खणलेले. उघडल्यावर आतली कोंदलेली हवा जाऊ दिल्याशिवाय उतरू नये, नाहीतर माणूस आतच राहतो. अमेरिकेत हे पेव जमिनीवर उभे केले. १८४२-४३ च्या सुमारास बफेलो बंदरात जोसेफ डार्ट नावाच्या व्यापाऱ्याने रॉबर्ट डनबार या कारागिराच्या हातून वाफेवर चालणारा एक रहाटच बांधून घेतला. आमचा रहाट विहिरीतून पाणी उपसतो, तो जहाजाच्या पोटातून गहू उपसू लागला. पट्ट्याला पोहरे, पोहऱ्यांत दाणे, आणि दाणे थेट उंच कोठाराच्या माथ्यावर. त्याआधी तेच काम आयर्लंडहून आलेले गरीब हमाल पाठीवर पोती वाहून करीत. प्रारंभीची कोठारे लाकडाची असत व वारंवार जळत. म्हणून १८९९ साली मिनियापोलिस शहराजवळ पीव्ही नावाच्या धान्यशेठाने काँक्रीटचा गोल मनोरा बांधविला. (पीव्हीचे पेव! नावाचा योग पाहा.) तो भरताच फुटणार म्हणून लोकांनी त्याला पीव्हीचा वेडेपणा म्हटले. १९०० साली तो भरला, रिकामा केला, आणि त्याला तडा गेला नाही. आज जगात जेथे जेथे काँक्रीटचे गोल धान्यमनोरे दिसतात, ते त्याच वेडेपणाचे वंशज.

दळण्याचीही तीच कथा. डाकोटातला गहू वसंतात पेरलेला, कठीण दाण्याचा. दगडी जात्यात त्याचा कोंडा चुरा होऊन पिठात मिसळे व पीठ काळपट पडे. म्हणून त्याला भाव नसे. १८७० नंतर मिनियापोलिसच्या गिरण्यांत रव्यातून कोंडा उडवून काढणारे यंत्र आले, मग हंगेरीच्या धर्तीचे पोलादी रूळ आले, आणि तोच गहू उत्तम पिठासाठी वाखाणला जाऊ लागला. मिनियापोलिस ही जगाची पिठाची राजधानी झाली. या राजधानीच्या पायाखाली काय होते तेही पाहा. २ मे १८७८ रोजी तेथील वॉशबर्न यांच्या ‘ए’ गिरणीत हवेत तरंगणारी पिठाची धूळ पेटली, सारी गिरणी उडाली आणि अठरा कामकरी प्राणास मुकले. गिरणी पुन्हा बांधली गेली, अधिक मोठी. मेलेल्यांच्या घरची चूल कोणी पेटविली, याची चौकशी पिठाच्या पोत्यावर छापत नाहीत.

गव्हाला कस आला, गिरणीला नाव आले, शेतकऱ्याला काय आले? येथे कान देऊन वाचा.

डाकोटाच्या शेतकऱ्याला गहू विकायला एकच वाट होती. रेल्वेच्या ठेसनाजवळचे कोठार. त्या रुळांच्या कडेची जागा रेल्वेची, आणि ती कोणाला द्यायची ते रेल्वे ठरवी. कोठारे बहुशः मिनियापोलिसच्या कंपन्यांची. एकेका कंपनीची रांगच्या रांग. शेतकरी गाडी घेऊन आला की कोठाराचा मापाडी मूठभर दाणे हातात घेई व प्रत सांगे: पहिली, दुसरी, तिसरी, किंवा प्रतच नाही. प्रत ठरविणारा त्यांचा, काटा त्यांचा, भाव त्यांचा. वर मातेऱ्याबद्दल कडता. गव्हात रानबी आहे, खडा आहे, म्हणून वजन कापायचे. आणि कापलेल्या त्या मातेऱ्याचे गाडीभाडेदेखील शेतकऱ्याच्याच माथी. पुढे तेच मातेरे चाळून जनावरांचे खाद्य म्हणून विकले जाई, त्याचे पैसे कोठारवाल्याचे. एकाच दाण्याचे कातडे किती वेळा सोलावे?

हे आमचे तर्कट नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुपीरियर बंदरातील एका मोठ्या कोठाराचा तीन महिन्यांचा हिशेब बाहेर आला. पहिल्या प्रतीचा गहू जितका आत आला होता, त्याच्या जवळजवळ दुप्पट बाहेर गेला होता! आणि हलक्या प्रतीचा म्हणून जो हजारो बुशेल गहू आत आला होता, तो हलका म्हणून बाहेर पडलाच नाही. कोठारात शिरताना शूद्र असलेला दाणा बाहेर पडताना द्विज झाला. हा संस्कार कोणत्या मंत्राने झाला ते कोठारवाल्यास ठाऊक. शेतकऱ्याला मात्र पैसे मिळाले ते जन्माच्या जातीप्रमाणे.

१९१६ साली तांबेरा पडला आणि दाणा चिमला. ‘हा जनावरांच्या लायकीचा’ असे म्हणून कोठारांनी तो खाद्याच्या भावाने घेतला. फार्गोच्या शेतकी कॉलेजातील रसायनशास्त्रज्ञ एडविन लॅड यांनी असाच चिमलेला गहू दळून, त्याची भाकरी भाजून पाहिली. पीठ चांगले निघाले, पाव चांगला फुगला. विद्वान असावा तर असा! या रयतेने पुढे लॅड यांस वॉशिंग्टनच्या सिनेटात निवडून पाठविले, ते उगाच नव्हे.

शेतकऱ्यांनी आधी सरळ मार्गच धरला होता. १९१२ साली व पुन्हा १९१४ साली राज्यातील मतदारांनी राज्याच्या मालकीचे धान्यकोठार बांधण्यास संमती दिली. १९१५ साली कायदेमंडळाने ती धाब्यावर बसविली. गाऱ्हाणे घेऊन राजधानीत गेलेल्या शेतकऱ्यांना ‘घरी जा आणि डुकरांना आंबोण घाला’ असे एका सभासदाने सुनावले, अशी वार्ता रानोमाळ झाली. त्या गृहस्थाने पुढे इन्कार केला. पण शेतकऱ्यांना ते खोटे वाटले नाही, कारण इतकी वर्षे दुसरे काय ऐकले होते?

त्याच वर्षी आर्थर टाउनली या जवसाच्या शेतीत बुडालेल्या माणसाने पक्षातीत संघ काढला. फोर्ड मोटारीतून याचे प्रचारक मळ्यामळ्यांवर हिंडले. रोख पैसा नसेल तर सुगीनंतरच्या तारखेचा चेक घेत. संघाने स्वतःचे साप्ताहिकही काढले, कारण गावोगावची पत्रे कोणाच्या जाहिरातींवर जगतात हे त्यांना माहीत होते. नवा पक्ष काढण्याच्या फंदात ते पडले नाहीत. जुन्या पक्षाच्या उमेदवारनिवडीतच आपली माणसे उभी करून निवडून आणली. १९१६ साली लिन फ्रेझियर हा नांगर धरणारा माणूस राज्याचा गव्हर्नर झाला. १९१९ पर्यंत दोन्ही सभागृहे हाती आली, आणि त्याच वर्षी राज्याची बँक व राज्याची गिरणी व कोठार यांचे कायदे झाले.

मग सारे शेठ जागे झाले. पूर्वेकडील पेढीवाल्यांनी राज्याचे कर्जरोखे घेण्याचे नाकारले, म्हणून गिरणीचे काम रखडले. खटला थेट वरिष्ठ न्यायालयापर्यंत नेला. १९२० साली निकाल राज्याच्या बाजूने लागला. पुढे गव्हाचे भाव कोसळले, बँक अडचणीत आली, संघात फाटाफूट झाली. १९२१ च्या ऑक्टोबरात मतदान घेऊन फ्रेझियर यांस मुदतीपूर्वीच खुर्चीवरून उतरविण्यात आले. आमचे टीकाकार येथे थांबतात व टाळ्या पिटतात. पण त्याच दिवशी, त्याच मतदारांनी बँक व गिरणीची योजना मोडण्याचे ठराव फेटाळून लावले, हे ते सांगत नाहीत. माणसे उतरविली, गिरणी राखली! संघाच्या विरोधकांनाच ती पुरी करावी लागली, आणि तिचे दार त्यांच्याच कारकिर्दीत उघडले. फ्रेझियर पुढच्याच वर्षी सिनेटावर निवडून गेले.

पहिली कित्येक वर्षे गिरणी तोट्यात होती, हे आम्ही लपवीत नाही. खाजगी गिरण्या काय जन्मल्या दिवशी नफा देतात? आज तिच्या नफ्याचा मोठा वाटा राज्याच्या तिजोरीत जातो आणि त्या तिजोरीतून शाळा व रस्ते चालतात. बँकही उभी आहे. एक गोष्ट मात्र न सांगता पुढे जाणे सत्याला धरून होणार नाही. रेड नदीचे हे काळेभोर खोरे मूळचे ओजिब्वे व डाकोटा लोकांचे. १८६३ च्या तहाने ओजिब्वे लोकांकडून त्याचा मोठा भाग काढून घेतला गेला. लुटलेल्या शेतकऱ्याच्या पायाखालची जमीनही कोणाची तरी लुटलेली होती. त्या मूळ धन्यांच्या हाती कोठाराची किल्ली कोणी दिली नाही.

आता आपल्या घरी या. ‘आमच्या अडाणी कुणब्यास हे जमणार नाही’ असे म्हणणाऱ्यांस आम्ही लोणीचे नाव सांगतो. तेथे विठ्ठलराव विखे पाटील व त्यांच्या सोबत्यांनी, धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्याने, १९५० साली साखर कारखाना चालवून दाखविला. जमले की नाही? पण जमल्यावर काय झाले तेही उघड बोलू. पुढे पुष्कळ कारखाने चार-चार घराण्यांचे वतन झाले. सभासदाने उसाच्या मोळ्या वाहाव्या आणि खुर्चीवर बापामागून लेकाने बसावे, याला सहकार म्हणत असतील तर कुलकर्ण्याच्या वतनाला का नावे ठेवावीत? वतन ब्राह्मणाचे वाईट आणि पाटलाचे चांगले, हे आम्ही मानीत नाही. डाकोटाच्या रयतेजवळ गव्हर्नराला उतरविण्याचे मत होते व गिरणी राखण्याचे निराळे मत होते. आमच्या सभासदास वार्षिक सभेत अहवालाची प्रत मिळाली तरी पुष्कळ.

आज जिकडेतिकडे नव्या गोदामांची व पोलादी धान्यमनोऱ्यांची बोलणी चालू आहेत. चांगले आहे, पावसात भिजणारे पोते कोणाला आवडते? २००७ च्या गोदाम कायद्याने नोंदलेल्या गोदामाची पावती हीच तारण ठेवून कर्ज काढता येते. माल सुगीच्या पडत्या भावात न फुंकता थांबवून धरता येतो. ही सोय ज्यांच्यासाठी म्हणून सांगितली जाते, त्यांपैकी कितीकांनी ती पावती हातात धरली आहे? दोन एकरांचा धनी दहा पोती घेऊन गोदामावर गेला, तर गाडीभाडे, हमाली, तोलाई यांतच तो रडकुंडीला येतो. म्हणून तो अडत्याकडे जातो, आणि अडत्या तोच माल गोदामात ठेवून पावती आपल्या नावे करतो. मनोरा कितीही उंच बांधा. पावती त्याच्या नावाची असेल तर शेतकऱ्याला त्याची नुसती सावली.

तेव्हा तुमच्या सोसायटीचे गोदाम बांधावयाचे ठरले, की कोनशिलेवर कोणाचे नाव कोरावे यावर भांडत बसू नका; ते पाथरवट पाहून घेईल. सभेत उभे राहा आणि विचारा: काटा कोण तपासणार व कोणाच्या देखत? प्रत ठरविणारा कोणाचा पगार खातो? चाळणीखाली पडलेले मातेरे कोणाच्या खात्यावर जमा होते? आणि उत्तर तोंडी घेऊ नका, ठरावाच्या वहीत लिहवून घ्या. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवा.