जाहीरनामा वाचा, जाहिरातही वाचा

‘अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणे स्पष्ट करा.’ इतिहास घेतलेल्या कुणालाही झोपेतून उठवून हा प्रश्न विचारा, सहा मुद्दे धडाधड येतील. सप्तवार्षिक युद्ध, स्टॅम्प ॲक्ट, ‘प्रतिनिधित्व नाही तर कर नाही’, बोस्टन टी पार्टी, विचारवंतांचा प्रभाव आणि शेवटी तात्कालिक कारण. मीही हेच लिहिलं होतं. मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर निवडला, तो ‘स्कोअरिंग आहे, घेऊन टाक’ असं सीनियर्सनी सांगितलं म्हणून. गाईड घेतलं, झेरॉक्स जमवल्या, मार्क बरे पडले. पेपर झाल्यावर दोन आठवड्यांत सगळं विसरलेही.

मग इंटर्नशिप सुरू झाली आणि पहिले काही दिवस छोट्या जाहिरातींची प्रुफं तपासायचं काम आलं. ‘नावात बदल’, ‘हरवले आहे’, ‘फ्लॅट भाड्याने देणे आहे’. कंटाळून एका दुपारी अडीचशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या पेपरांत छोट्या जाहिराती कशा असायच्या, ते शोधत बसले. एका जाहिरातीपाशी थांबले, ती आजतागायत डोक्यातून गेलेली नाही.

सप्टेंबर १७६९. पेपरचं नाव ‘व्हर्जिनिया गॅझेट’. मजकुराचा सारांश असा : सँडी नावाचा, सुमारे ३५ वर्षांचा गुलाम पळून गेला आहे. बुटका, अंगानं जरा भरलेला. जोडे शिवण्याचं काम करतो, तेही मुख्यतः डाव्या हातानं. थोडंफार सुतारकाम येतं. दारू पितो, शिव्या देतो. जाताना पांढरा घोडा आणि जोडे शिवायची हत्यारं घेऊन गेला आहे. आपल्याच काउंटीत सापडला तर ४० शिलिंग, वसाहतीत दुसरीकडे सापडला तर चार पौंड, दुसऱ्या वसाहतीत सापडला तर दहा पौंड बक्षीस. खाली नाव : थॉमस जेफरसन.

हो, तोच. सात वर्षांनी, १७७६ मध्ये, ज्यानं अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला, सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत असं जगाला सांगितलं, तोच जेफरसन. आयुष्यभरात त्याच्या मालकीची सहाशेहून जास्त माणसं होती.

मला धक्का जाहिरातीचा बसला, त्याहून जास्त स्वतःचा बसला. जेफरसनवर दहा मार्कांचं उत्तर लिहून आलेली मी, मला हे माहीतच नव्हतं. घरी जाऊन गाईड काढलं तर कारण लगेच सापडलं. त्यात स्वातंत्र्य पहिल्या युनिटमध्ये होतं आणि गुलामगिरी थेट यादवी युद्धाच्या युनिटमध्ये, म्हणजे १८६१च्या जवळपास. मध्ये पन्नासेक पानं. दोघांची एका पानावर कधी गाठच पडत नव्हती. प्रत्यक्षात मात्र ती दोन्ही एकाच घरात राहत होती.

नुसतं १६१९ हे एक साल घ्या. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनमध्ये इंग्रज वसाहतींची पहिली निवडून आलेली प्रतिनिधी सभा भरली. आणि पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, तिथून जवळच पॉइंट कम्फर्टला एका जहाजानं वीसेक आफ्रिकन बंदिवान उतरवले आणि धान्याच्या बदल्यात विकले. लोकशाहीचं पहिलं पाऊल आणि माणसांची विक्री, एकाच उन्हाळ्यात, एकाच वसाहतीत. पुढे १६६२ मध्ये त्याच व्हर्जिनियानं कायदा केला की मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. म्हणजे मालकाला गुलाम स्त्रीपासून मूल झालं तरी ते त्याची मालमत्ताच. हे आपोआप झालेलं नाही. माणसांनी बसून, विचार करून, कलमं लिहून केलेलं आहे.

१७८७च्या राज्यघटनेचंही तेच. प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरवताना दर पाच गुलामांमागे तीन माणसं धरायची, असं कलम त्यात आहे. मत गुलामाला नाही, पण त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला जास्तीच्या जागा! आणि गंमत म्हणजे त्या मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कुठेच नाही. ‘इतर व्यक्ती’ असं म्हणून वेळ मारून नेली आहे. तो शब्द अमेरिकन घटनेत आला १८६५ मध्ये, गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या दुरुस्तीत. जे करताना लाज वाटत नव्हती, ते लिहिताना मात्र वाटत होती.

इथपर्यंत आलं की आपल्या कट्ट्यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली : ‘म्हणजे सगळे ढोंगी. फाडून टाका तो जाहीरनामा.’ दुसरी : ‘अरे, त्या काळी सगळेच तसे होते. आजच्या चष्म्यातून बघू नका.’ माझं म्हणणं, दोन्ही प्रतिक्रिया आळशी आहेत. दोन्हींचा फायदा एकच, पुढे वाचावं लागत नाही.

‘सगळेच तसे होते’ हे आधी बघू. सगळे म्हणजे कोण? सँडी धरून का सोडून? तो तर घोडा घेऊन निघाला होता, म्हणजे त्याचं मत अगदी स्पष्ट होतं. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या काही क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला तो १६८८ मध्ये, जेफरसनच्या जन्माच्या पंचावन्न वर्षं आधी. बेंजामिन फ्रँकलिनच्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये माणसांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जायच्या. त्याच फ्रँकलिननं म्हातारपणी, १७९० मध्ये, गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष म्हणून काँग्रेसकडे अर्जावर सही केली. त्या काळातही माणसं वेगळा विचार करत होती आणि काही जण स्वतःचा विचार बदलतही होते.

आता ‘सगळे ढोंगी’वाल्यांसाठी एक गोष्ट. मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्ड गावात कर्नल ॲशली यांच्या घरी बेट नावाची गुलाम बाई होती. तिला लिहितावाचता येत नव्हतं. १७८०च्या मॅसॅच्युसेट्सच्या घटनेत सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं वाक्य होतं. हे वाक्य तिच्या कानावर पडलं. तिनं थिओडोर सेजविक या वकिलाला गाठलं. तिचा प्रश्न साधा होता : सगळी माणसं म्हणताय, मग मी त्यात आहे की नाही? १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात, ब्रॉम नावाच्या दुसऱ्या गुलामासोबत तिचा खटला उभा राहिला. ज्युरीनं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि तीस शिलिंग भरपाईही दिली. ॲशलींनी पगारावर परत ये म्हटलं, तर ती गेली नाही. तिनं नवं नाव घेतलं, एलिझाबेथ फ्रीमन. १७९०च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकही गुलाम नोंदलेला नाही, त्यामागे हा आणि असे आणखी खटले आहेत.

ते वाक्य लिहिणाऱ्यांच्या मनात बेट नव्हती, हे जवळपास नक्की. पण एकदा वाक्य लिहिलं, मोठ्यानं वाचलं की ते लिहिणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. जाहीरनामा ‘फाडून टाका’ म्हणणाऱ्यानं बेटच्या हातातलं हत्यार काढून घेतलेलं असतं, हे त्याच्या लक्षात येत नाही.

पण म्हणून ‘हळूहळू सगळं चांगलं होत गेलं’ अशी गोड गोष्टही करता येत नाही. न्यू जर्सीत १७७६ पासून ठरावीक मालमत्ता असलेल्या स्त्रियांना मत देता येत होतं. १८०७ मध्ये तो हक्क काढून घेतला. मिळालेलं परतही जातं. चेरोकी लोकांचं तर याहून वाईट झालं. सेक्वोया यांनी १८२०च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी लिपी तयार केली. १८२७ मध्ये चेरोकींनी अमेरिकेच्या धर्तीवर स्वतःची लेखी घटना केली. १८२८ मध्ये ‘चेरोकी फिनिक्स’ हे इंग्रजी आणि चेरोकी अशा दोन भाषांतलं वर्तमानपत्र काढलं. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जॉर्जिया राज्याचे कायदे त्यांच्या भूमीवर लागू होत नाहीत असा निकालही दिला. घटना, पेपर, कोर्टाचा निकाल, सगळं हातात होतं. तरी १८३८ मध्ये सैन्य आणून त्यांना घरांतून हाकललं. त्या स्थलांतरात सुमारे चार हजार माणसं मेली असं मानतात. आणि याच चेरोकींमधल्या काही श्रीमंतांच्या घरीही आफ्रिकन गुलाम होते! इतिहास कुणा एकाला कायमचा हिरो करून देत नाही.

‘पण हे सगळं अमेरिकेचं. आपला काय संबंध?’ आहे की! बोस्टनच्या बंदरात १७७३ मध्ये ३४२ पेट्या चहा बुडवला तो आपल्या ओळखीच्याच ईस्ट इंडिया कंपनीचा. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण आलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला. पण खरा संबंध पुण्याचा आहे. अमेरिकन क्रांतीत लेखणी चालवणाऱ्या थॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचलं. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही इच्छाही तिथेच लिहिली. फुल्यांनी अमेरिकेचा इतिहास मार्कांसाठी वाचला नव्हता. बेटनं कोर्टात विचारला तोच प्रश्न त्यांनी इथे विचारला : सगळी माणसं म्हणताय, मग त्यात आम्ही आहोत की नाही? पंडिता रमाबाई तर तिथे राहून आल्या आणि १८८९ मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत आख्खं पुस्तक लिहिलं. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडे हा विषय इतक्या गांभीर्यानं वाचला जात होता, आणि आपण आज सहा मुद्द्यांवर आलो आहोत.

मागणी मोठी नाही. अभ्यासक्रम बदलायला वर्षं लागतात, पण प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न बदलायला काय हरकत आहे? ‘कारणे स्पष्ट करा’च्या जागी एक अस्सल कागद द्या आणि विचारा, हा कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, कोण यातून सुटलं? त्याची गाईडं निघायला जरा वेळ लागेल, तेवढ्यात आम्ही थोडा विचार करू. कागद कुठे मिळतील ही अडचण आता राहिलेली नाही. जेफरसन, वॉशिंग्टन, फ्रँकलिन यांची पत्रं ‘फाउंडर्स ऑनलाइन’वर फुकट आहेत. पळालेल्या गुलामांच्या हजारो जाहिराती कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘फ्रीडम ऑन द मूव्ह’ या संग्रहात आहेत. इंग्रजी जुनं आहे, पहिल्यांदा अडखळायला होतं. पण रील्स बघण्यातला अर्धा तास काढला तर एक जाहिरात नीट वाचून होते.

आणि ही सवय अमेरिकेपुरती राहत नाही. आपल्याकडेही महापुरुष म्हटलं की एक तर हार नाहीतर चिखल, तिसरं काही हातात घ्यायचंच नाही, असं झालंय. जेफरसनचा जाहीरनामा आणि जेफरसनची जाहिरात शेजारी ठेवून, दोन्हींतलं एकही न झाकता वाचायला जो शिकेल, त्याला घरचे कागदही तसेच वाचता येतील.

२०२६ मध्ये त्या जाहीरनाम्याला अडीचशे वर्षं. भाषणं होतील, फटाके वाजतील. मला मात्र तो डावखुरा, शिव्या देणारा सँडी आठवत राहील. त्याच्याबद्दल जे कळतं त्यातलं बरंचसं त्याला पकडून आणण्यासाठीच लिहिलेलं होतं. आज आपण ते वाचू शकतो, ते त्याची बाजू समजून घेण्यासाठी. पुढच्या सेमिस्टरला हा पेपर घेणार असाल तर जरूर घ्या. फक्त ‘स्कोअरिंग आहे’ म्हणून घेऊ नका.