न उडणारे पंख

ग्रंथालयात जुन्या मोटारींचे एक सचित्र पुस्तक चाळत असताना १९५९ सालच्या कॅडिलॅकचे चित्र समोर आले आणि पान उलटवेना. लांबी जवळजवळ पावणेसहा मीटर, वजन दोन टनांहून अधिक, सव्वातीनशे अश्वशक्तीचे इंजिन. पण नजर खिळली ती मागच्या बाजूवर. दोन्ही कडांना सुऱ्याच्या पात्यासारखे उंच पंख आणि प्रत्येक पंखाला बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन तांबडे दिवे! गाडी आता उडणार असेच वाटावे. या न उडणाऱ्या पंखांविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

पंखांचे मूळ खरोखरच विमानात आहे. जनरल मोटर्स कंपनीत गाड्यांचे रूप ठरविणाऱ्या विभागाचे प्रमुख हार्ले अर्ल यांना पी-३८ या दुहेरी शेपटीच्या लढाऊ विमानाने भुरळ घातली होती. १९४८ च्या कॅडिलॅकवर त्याची छाया दोन लहानशा उंचवट्यांच्या रूपाने उमटली. पुढे १९५७ मध्ये प्रतिस्पर्धी क्रायस्लरने आपल्या गाड्यांना भलेमोठे पंख लावले आणि चढाओढ शिगेला पोहोचली. १९५९ हे तिचे शिखर. लगेच पुढच्या वर्षी पंख खुजे झाले आणि १९६५ पर्यंत नाहीसेच झाले.

पंख निरुपयोगी होते म्हणून ते वाईट, असे मी म्हणणार नाही. माझ्याशी वाद घालताना एक मैत्रीण म्हणाली, "पैठणीच्या पदरावरचा मोर थंडी थोडाच अडवतो?" तिचे म्हणणे मला मान्य आहे. उपयुक्ततेच्या तराजूत तोलू लागलो तर निम्मी कला भंगारात जाईल. परंतु आजीची पैठणी नात अभिमानाने नेसते. तिचा मोर कालच्या मोराला लाजविण्यासाठी विणलेला नसतो. कॅडिलॅकचे पंख मात्र शेजाऱ्याच्या दारातली, किंबहुना आपल्याच दारातली, गेल्या वर्षीची गाडी जुनाट दिसावी म्हणून दरसाल बदलत होते. जनरल मोटर्सने तर १९२७ पासून गाड्यांच्या रूपासाठी स्वतंत्र विभागच उभारला होता. इंजिन शाबूत, चाके शाबूत. झिजत होते ते मालकाचे समाधान. माझ्या मते त्या कारखान्याचा खरा माल गाडी नव्हे, तर असमाधान हा होता. आणि या शोभेची किंमत केवळ पैशांत मोजावी लागली नाही. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या 'अनसेफ अॅट एनी स्पीड' या पुस्तकात अशा टोकदार पंखांवर आदळून झालेल्या अपघातांची उदाहरणे दिली आहेत.

श्रीमंती गाडीला दुसरा मार्गच नव्हता का? होता. १९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल पाहा. आदल्या वर्षीच्या मॉडेलपेक्षा एक फुटाहून अधिक आखूड, सरळ रेषांची, पंखहीन. मागचे दरवाजे उलट्या दिशेने उघडणारे, एवढीच काय ती ऐट. तिचे मूळ रूप किरकोळ फेरफारांसह १९६९ पर्यंत टिकले. मात्र विक्रीत ती कॅडिलॅकच्या जवळपासही पोहोचली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दोष एकट्या कारखानदाराचा नसतो. पंख मागणारे आपणही त्यात भागीदार असतो.

टेक्सासमधील अमरिलो शहराजवळ 'अँट फार्म' या कलावंतांच्या गटाने १९७४ मध्ये दहा जुन्या कॅडिलॅक नाके खाली करून जमिनीत अर्ध्या गाडल्या. १९४९ पासून १९६३ पर्यंतची मॉडेले ओळीने उभी आहेत. पंख चढतात आणि उतरतात. येणारेजाणारे त्यांच्यावर रंग फवारतात. दुसरीकडे संग्राहक त्याच गाड्या जिवापाड जपतात. ज्या वस्तू वर्षभरात जुन्या ठरविण्यासाठी घडविल्या गेल्या, त्यांना अखेर प्रेम मिळाले ते त्या जुन्या झाल्यावर!

हे मी इतरांना उपदेश म्हणून लिहीत नाही. गेल्या दिवाळीत नव्या मोबाइलसाठी मी घरी हट्ट धरला होता. हातातला चांगला चालत होता. वडिलांनी फक्त एवढेच विचारले, "अरे, बिघडलंय काय त्याचं?" मी रागावून उठून गेलो, कारण उत्तर माझ्यापाशी नव्हते. कॅडिलॅकच्या त्या चित्रापुढे ते सापडले. बिघडला होता तो मोबाइल नव्हे, मीच बिघडलो होतो. बाबा, तोच मोबाइल अजून माझ्या खिशात आहे आणि उत्तम चालतो आहे.